न दाबलेलं बटण

मासेमारीची बंदी लागली की पंधरा-वीस दिवसांनी माझ्या बोटांवर रेषा परत येतात.

वर्षाचे बाकीचे दहा महिने त्या नसतात. बर्फ, खारं पाणी, खवले आणि कोयत्याची मूठ यांनी बोटांची टोकं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत होतात. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला माझं बोट पटत नाही. दुकानदार म्हणतो, मावशी पुसून ठेवा, दाबून ठेवा, दुसरं ठेवा. दहाही बोटं ठेवून होतात आणि मागची रांग चुळबुळायला लागते. पण ज्येष्ठात होड्या वर ओढल्या, त्यांच्यावर निळे कागद चढले, की बर्फ सुटतो आणि हात कोरडे होतात. आधी भेगा भरतात. मग एके दिवशी डोक्याला तेल लावताना बोटाला काहीतरी खरखरीत लागतं. उजेडात धरून बघितलं तर बारीक बारीक गोल रेषा. जणू मी इतके दिवस कुठे गावाला गेले होते आणि आता घरी आले.

आज सकाळी फोनवर बोट ठेवलं आणि तो एका झटक्यात उघडला. तेव्हा चार वर्षांमागची ती बंदी आठवली.

बंदीत आमच्या कोळीवाड्याला वेगळाच वास असतो. ओल्या मासळीचा वास वारा घेऊन जातो, सुक्याचा वास भिंतीत मुरतो. पत्र्याच्या पेट्या उघडल्या की बोंबील, जवळा, सोडे यांचा असा दरवळ सुटतो की नाक्यापलीकडच्या टॉवरमधली माणसं खिडक्या लावून घेतात. आम्ही उन्हाळाभर ते बोंबील काठ्यांवर टांगून वाळवलेले असतात, कावळ्यांशी भांडून राखलेले असतात. बंदीचे दोन महिने घर त्यावर चालतं. बाजारातल्या फळीवर तेव्हा बर्फ नसतो, पाणी नसतं, माशा नसतात. फळी कोरडी, आणि आमच्या दोघींच्या मधे ठेवलेला तो बोलका डबा मुका. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की तो डबा मोठ्याने सांगतो. बंदीत तो दिवसाला तीन-चारदा बोलला तरी खूप.

दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ, पारू. बाजारात आमच्या फळ्या शेजारी शेजारी. पारूचा आवाज अंधेरीच्या पुलापर्यंत जातो, आणि मी तोंड उघडत नाही. मासळी विकणारी बाई लाजरी कशी असेल, असं लोकांना वाटतं. माझ्या सासूलाही वाटलं होतं. ही मुकी सून बाजारात काय विकणार, असं ती सगळ्यांना विचारायची. मग तिनेच मला शिकवलं. म्हणाली, तोंडाने सांगू नको, कल्ला उघड. म्हणजे गिऱ्हाईक समोर आलं की मासा उचलायचा, गालाखाली अंगठा घालायचा आणि आतला लाल कल्ला दाखवायचा. ताजा की शिळा ते त्याला कळतं. एक शब्द लागत नाही. तीस वर्षं मी अशीच बसून विकते. ओरडणाऱ्या बायांकडे जाऊन आलेली गिऱ्हाइकं शेवटी माझ्यासमोर थांबतात.

पारू चहाला गेली की तिची फळी मी बघते, मी बर्फ आणायला गेले की माझी ती बघते. जिचा तिचा फोन पण तसाच बघायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून फळीखाली ठेवलेला. हात ओले म्हणून बोटाचं टोक चालत नाही. आम्ही सगळ्या बोट वाकडं करून मधल्या सांध्याने दाबतो. बाजारातल्या प्रत्येकीची ही सवय. सांधा जाड असतो. तो एकावर ठेवला तर शेजारच्यावरही पडतो.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला फोनमधल्या त्या पैशांच्या ॲपमध्ये एक नवीन गोष्ट आली होती. रोजची बचत. विक्रीतला थोडा थोडा हिस्सा आपोआप बाजूला पडणार. आमच्या बाजारात ती आधी द्यायची आणि मग सगळीकडे, असं कंपनीचं ठरलं होतं. चार-पाच पानं मजकूर, आणि शेवटी हिरवं मोठं बटण. त्यावर लिहिलेलं, ‘मला समजलं, पुढे जा’. पारूने तराजूत पापलेट असतानाच वाकड्या बोटाने ते दाबलं. गिऱ्हाईक उभं होतं, तिला वाटलं काहीतरी आडवं आलंय, ते बाजूला सारावं. मी दाबलं नाही. त्यात शहाणपणा काही नव्हता. मी एकेक अक्षर लावून वाचते, मला वेळ लागतो. दुसऱ्या पानावर असताना कोलंबीला गिऱ्हाईक आलं आणि ते राहूनच गेलं.

पारूला वाटलं, हे आपल्या तांदळाच्या डब्यातल्या पुरचुंडीसारखं. पाहिजे तेव्हा हात घालायचा. आणि बंदी लागली तेव्हा तिला पाहिजे झालं. तिची मुलगी रेश्मा बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. फी शुक्रवारच्या आत भरायची होती, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पारूने फोन उघडला. पैसे दिसत होते. शेजारी कुलपाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, तुमची बचत सुरक्षित आहे. कुठूनही दाबलं तरी तेच. सुरक्षित आहे. मदतीच्या नंबरवर फोन केला तर एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. आणि त्याच फोनवर रोज सकाळी कंपनीचा गोड निरोप, काल तुमची विक्री कमी झाली, काही अडचण आहे का?

पारू फोनकडे बघून म्हणाली, “दर्याला विचार, भाड्या.”

आज इतक्या काळाने मला वाटतं, माझी सगळी शाळा एका शब्दात बसते. हो. गुरुजी फळ्यावर भागाकार मांडायचे, खडू टाकायचे, वळायचे आणि विचारायचे, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, हो गुरुजी. मीही म्हणायचे. मला कधीच समजलेलं नसायचं. पण समजलं नाही म्हणायला उभं राहावं लागायचं, आणि उभं राहिलं की सगळे बघायचे. बाकीच्या मुलींनाही समजलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. चार इयत्ता त्या ‘हो गुरुजी’मध्ये गेल्या. मग बोंबील टांगायला हात कमी पडले आणि आईने शाळेतून काढलं. पण तो हो माझ्याबरोबर आला. डॉक्टरने गोळ्यांबद्दल सांगितलं, हो. बँकेतल्या बाईने चार सह्या दाखवल्या, हो. नवरा गेला त्याच्या सुतकातून उठल्यावर दिराने, पारूच्या नवऱ्याने, होडीचे कागद पुढे ठेवले. मी अंगठा दिला नाही, माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटला. त्याने विचारलं, “वैनी, समजलं ना?” मी हो म्हटलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला होडी दुसऱ्याच्या नावाने पाण्यात गेली. पारू माझ्या दारात येऊन रडली होती. म्हणाली, “मना पन कोनी विचारला नाय गो.” तेव्हापासून आम्ही दोघी एका ताटात जेवलो तरी त्या कागदाबद्दल बोलत नाही.

तर त्या बंदीत ऋता आली. पाठीवर पिशवी, केस वर बांधलेले, बोरिवलीची मुलगी. तिने थर्माकोलचा एक रिकामा खोका उलटा केला आणि आमच्या दोन फळ्यांच्या मधे बसली. कंपनीतून आले म्हणाली. तिच्या कामाचं इंग्रजी नाव तिने सांगितलं, मग आमची तोंडं बघून मराठीत सांगितलं, की एखादी गोष्ट वापरताना माणसाला त्रास कुठे होतो ते बघायचं आणि तो कमी करायचा.

पारूने विचारलं, “आनि याचा पगार देतात?”

ऋता हसली. देतात म्हणाली. मग तिने वही काढली आणि जे विचारायला आली होती ते विचारलं. उन्हाळा संपला की तुम्ही सगळ्या एकदम ॲप वापरणं का बंद करता? तिच्या कंपनीत भिंतीवरच्या पडद्यावर वापराची रेघ दिसते म्हणे, आणि आमच्या बाजाराची रेघ ज्येष्ठात कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. त्यांना वाटत होतं, आपलं काहीतरी बिघडलं, बाया रागावल्या, दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. म्हणून ते रोजचे गोड निरोप.

पारूला हसू आवरेना. शेजारच्या चार जणींना तिने ओरडून सांगितलं, की कंपनीला बंदीच माहीत नाही. मासळीची अंडी भरलेली असतात, दर्या खवळलेला असतो, तेव्हा होड्या घरी बसतात, हे मुंबईत राहून यांना कळत नाही आणि आपल्याला विचारतात समजलं का. ऋताचे कान लाल झाले. पण ती उठली नाही, हे मी बघितलं. तिने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आली आणि नुसती बसून राहिली. माणूस बसतो कसा, यावरून मला त्याचा अंदाज येतो. तिला बसता येत होतं.

जाताना ती मला म्हणाली, मावशी, ऑफिसात याल का, बचतीची नवी पानं तुम्ही वापरून बघायची, आम्ही नुसतं बघणार. मी मान हलवली, नाही अशी. संध्याकाळी पारूने मला धरलं. एरवी टोमणे मारणारी बाई, तिचा आवाज खाली आला होता. म्हणाली, “माजा आवाज बाजारात चालते. काचेच्या खोलीत नाय चालत. ती पोरगी तुज्याकडं बघून बसली होती. तू जा गो. कुलपाचा विचार.”

मंगळवार होता. शुक्रवारला तीन दिवस.

ते ऑफिस साकीनाक्याला. खाली लेथ चालतात, पत्रे कापले जातात, आणि त्याच रस्त्याला लागून काचेची इमारत. मी बुधवारी गेले. लिंबाने दोनदा हात धुतले होते, तरी लिफ्टमधली मुलगी जरा सरकली. खोली इतकी थंड की मला बर्फघर आठवलं. टेबलावर माझाच फोन, त्यात नवी पानं घातलेली, वरून माझ्या हातांवर रोखलेला कॅमेरा. समोर ऋता, कोपऱ्यात एक बाई, केस पिकलेले, कापलेले, पेन्सिलने काहीतरी लिहीत होत्या. ऋताने सांगितलं, या मेधा मॅडम. फोनवर आम्हाला काय दिसणार, कसं दिसणार, त्याचा शेवटचा शब्द त्यांचा. काय बनवायचं आणि काय नाही, कोणासाठी, हे त्या ठरवतात. मला ते कळलं. बंदरावर लिलावात उभं राहिलं की आधी मनात ठरवावं लागतं, आज कोणती पाटी उचलायची आणि कोणती सोडायची. विकणं नंतरचं.

फोनने माझं बोट लगेच ओळखलं. ऋताने आनंदाने मॅडमकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, आता बंदी आहे म्हणून. श्रावणानंतर नाही ओळखणार. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मी वाचत गेले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मजकूर मराठीच होता, पण असा की प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य अनोळखी. ‘निर्धारित कालावधी पूर्ण होईपर्यंत’ असं काहीतरी. शेवटी ते हिरवं बटण आलं. मला समजलं, पुढे जा. माझं बोट त्याच्यावर होतं. अंगात ‘हो गुरुजी’ भरलेलं होतं, जिभेवर आलेलं होतं. आणि मला पारूची फळी दिसली, कोरडी.

मी बोट मागे घेतलं.

ऋता म्हणाली, “मावशी, आता दाबा.”

“मना नाय समजला.”

“काय नाही समजलं?”

“पैसे हातात कधी येणार?”

“ते आत लिहिलंय ना, पुढच्या पानावर.”

“पुढच्या पानावर जायला समजलं म्हणायला लागते,” मी म्हटलं. “मग आधी खोटं बोलू?”

कोपऱ्यातली पेन्सिल थांबली.

काचेपलीकडून कोणीतरी बघत होतं, ते आत आले. साहेब. चांगले होते, पाणी पाहिजे का विचारलं. मग मॅडमशी इंग्रजीत आणि मराठीत मिसळून बोलायला लागले. गणपतीच्या आत हे सगळीकडे जायचं आहे, अख्खा बाजार एका सेकंदात दाबतो, कोणाला अडचण आलेली नाही. मग आवाज कमी करून त्यांनी विचारलं, या बाईंचं शिक्षण किती?

तो आवाज मला ओळखीचा आहे. माणूस समोर असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारतात तो. एरवी मी फळीकडे बघते. तिथे फळी नव्हती.

“चौथी,” मी म्हटलं. “वाचता येते मला. सगळं वाचलं. बाकीच्यांनी दाबलं, कारण गिऱ्हाईक उभं होतं. दाबलं म्हणजे समजलं नाय होत.”

साहेब काही बोलणार होते. पण मी एकदा बोलायला लागले आणि आता थांबता येईना. मी त्यांना विचारलं, तुम्ही मासे घेता का. घेतो म्हणाले. मग मी हाताने दाखवलं, मासा असा उचलायचा आणि कल्ला असा उघडायचा. “आम्ही आधी कल्ला दाखवतो, मग पिशवीत घालतो. तुम्ही पिशवी बांधून देता आनि घरी गेल्यावर उघडा म्हणता. बाजारात असं केलं तर बाया तोंडावर फेकून मारतील.”

मग मी पारूचं सांगितलं. नर्सिंग, शुक्रवार, कुलूप. ऋताने पुढचं पान उघडून दाखवलं. पैसे दिवाळीपर्यंत उघडणार नाहीत, हे मला तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा कळलं. दिवाळी. तेव्हा आमच्याकडे मासळी चिक्कार असते. हात घालायची गरज असते ती आत्ता.

साहेब म्हणाले, त्या बाईंनी मान्य केलं आहे, नोंद आहे. एकीसाठी उघडता येत नाही.

मी म्हटलं, “मग मी बसते.”

त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी खुर्ची नीट केली, पदर खोचला आणि बसले. मला ओरडता येत नाही. बसता येतं. तीस वर्षं मी तेच केलेलं आहे.

साहेब गेले. ऋता आत-बाहेर करत राहिली. दुपारी कोणाची तरी मीटिंग होती त्या खोलीत. काचेतून चार जण डोकावले आणि मला बघून परत गेले. मेधा मॅडम तेवढ्या उठल्या नाहीत. त्यांनी मला उठवलंही नाही. एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, “कल्ला कुठे उघडायचा ते दाखवा.”

मी पेन्सिल कधी धरली होती ते आठवत नव्हतं. चौकोन काढला, फोनचा. सगळ्यात वर लिहिलं, पैसे दिवाळीला मिळतील. त्याच्याखाली, मधे लागले तर मिळणार नाहीत. एवढंच. बाकी सगळं खाली गेलं तरी चालेल. मग बटण काढलं, आणि त्याच्यापासून लांब, कागदाच्या दुसऱ्या टोकाला, तेवढंच मोठं दुसरं बटण. समजलं नाही. मॅडमनी विचारलं, इतकं लांब का? मी त्यांना बोट वाकडं करून सांधा दाखवला. त्यांनी स्वतःचं बोट तसंच वाकडं केलं आणि फोनवर टेकवून बघितलं. दोन बटणांवर पडलं. त्या बराच वेळ तसंच दाबून बघत राहिल्या.

मग मला भूक लागली. डबा आणला होता, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकट. मॅडमना म्हटलं, वास येईल. त्या म्हणाल्या, येऊ दे. मी झाकण उघडलं. थंड हवेच्या यंत्राने तो वास उचलला आणि इमानेइतबारे सगळ्या मजल्यावर पोचवला. एकेक डोकं टेबलावरून वर यायला लागलं. कोणी नाकाला रुमाल लावला. एक जण मात्र वासाच्या मागाने थेट दारापर्यंत आला आणि विचारता झाला, कुठून आणलंत, माझी आई करायची. मला ओरडता येत नाही, पण जवळ्याला येतं.

मॅडमनी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. साहेब दारात आले तेव्हा त्यांच्या बोटांना तिखट लागलेलं होतं. त्या बसूनच बोलल्या. मला वाटलं होतं मोठी बाई मोठ्याने बोलेल. त्यांचा आवाज माझ्याइतकाच खाली होता.

“हे असं बाहेर जाणार नाही, सर. चूक वाचणाऱ्याची नाही, आपली आहे. मी सही करणार नाही.”

साहेब म्हणाले, एका बाईमुळे?

“बाकीच्या हो म्हणाल्या. ही एकटी खरं बोलली.”

मला हे वाक्य त्या वेळी पूर्ण समजलं. कोणी विचारलं नाही, तरी.

किती फोन झाले, कोण कोणाशी बोललं, मला माहीत नाही. उजेड पिवळा झाला होता तेव्हा माझा फोन वाजला. पारू. मी कानाला लावायच्या आत तिचा आवाज खोलीत भरला. कुलूप गेलं, गो, कुलूप गेलं. बाजारात नुसतं तिचंच नाही, ज्या ज्या बायांनी दाबलं होतं त्या सगळ्यांचं गेलं. काचेपलीकडे साहेबांनीही मान वर केली. पारूचा आवाज काचेच्या खोलीत चालत नाही, हे काही खरं नव्हतं.

मी डबा बांधला आणि उठले. पाय आखडले होते.

त्यानंतरची साडेतीन वर्षं मेधा मॅडम महिन्यातून एकदा बाजारात येऊन त्या उलट्या खोक्यावर बसायच्या. स्वतः यायच्या आणि हाताखालच्या सगळ्यांना आणायच्या, एकदा तर साहेबांनाही आणलं. त्यांचा नियमच होता, की ज्याने बाजारात एक सकाळ काढली नाही त्याने बाजारासाठी काही बनवायचं नाही. साहेबांना पारूने कल्ला उघडून बघायला लावलं, आणि त्यांच्या गळ्यात एक शिळी सुरमई मारायचा प्रयत्नही केला, परीक्षा म्हणून. त्यांनी ओळखली. पारू म्हणाली, आता तुमचं शिक्षण पुरं झालं. फोनवर दोन बटणं आली, लांब लांब, सारखी. ‘समजलं नाही’ दाबलं की एक मुलगी मराठीत फोन करायची आणि सांगायची. बाया ते दाबायला लागल्या. आधी चोरून, मग उघड. बंदीतले गोड निरोप बंद झाले. रेश्मा आता मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. पेशंटला गोळी देताना ती समजलं का विचारत नाही, तुम्हीच मला सांगा कशी घ्यायची, असं म्हणते. हे तिला कोणी शिकवलं, मी विचारलेलं नाही.

मला वाटायचं, एकदा नाही म्हटलं की झालं. काम संपलं. तसं नसतं. कालवणाला मीठ रोज घालावं लागतं.

काल ऋताचा फोन आला. मेधा मॅडम तिथून गेल्या, आता सहा महिने झाले. जागेवर दुसरे कोणी आले आहेत, त्यांना सगळं स्वच्छ आणि झटपट पाहिजे. खूप बाया ‘समजलं नाही’ दाबतात, त्याने रेघ खाली येते. म्हणून नवीन पानं केली आहेत. ऋताने ती मला फोनवर पाठवली. बोलताना तिचा आवाज बारीक होता, वर्गातल्या मुलीसारखा. मी बघितलं. हिरवं बटण आणखी मोठं झालं आहे. आमचं बटण नाही. त्याच्या जागी तळाला राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात दोन शब्द. मदत हवी. आणि ते हिरव्याला इतकं चिकटून, की सांध्याने दाबायला गेलं तर हिरवंच दाबलं जाणार.

मी तिला विचारलं, तू काय म्हणालीस त्यांना?

“मी काय म्हणणार, मावशी. सगळे हो म्हणाले.”

“तू नाय म्हन,” मी म्हटलं. “मग मी येतेच.”

बंदी आहे, वेळच वेळ आहे. पारूला सांगितलं तर तिने विचारलंसुद्धा नाही, सरळ पेटी उघडली. यंदा जवळा चांगला झालाय, सोडेही आहेत. उद्या साकीनाक्याला दोन डबे न्यायचे, एक माझा, एक तिचा. ती म्हणते, मी ओरडेन आणि तू बस. मी म्हटलं, आधी बसू या.

फोन समोर पडला आहे. बोटांवर रेषा आल्या आहेत, त्याने मला ओळखलं आहे, पान उघडं आहे, हिरवं बटण लुकलुकत वाट बघतं आहे. बघू दे.